सावली कोणाच्या खात्यावर?

फुकट मिळणाऱ्या वस्तूवरून माणसे जितकी भांडतात, तितकी विकतच्या वस्तूवरून भांडत नाहीत. हा सिद्धान्त मी कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही. बँकेच्या काउंटरमागे बसून वीस-बावीस वर्षे माणसे पाहिली, त्यातून तो आपोआप साचला. मुदत ठेवीवरचे व्याज पाव टक्क्याने उतरले, तर गिऱ्हाईक "काळच तसा आलाय" म्हणत सही ठोकते. पण जानेवारीच्या दहा तारखेला "कॅलेंडरं संपली" असे सांगून पाहा! तोच सज्जन गृहस्थ "मॅनेजर कुठं बसतात?" म्हणत बाह्या सरसावतो. व्याजाला हिशोब असतो, कॅलेंडरला हक्क असतो. आणि हक्कासाठी पैसे मोजलेले नसले, की तो अधिकच कडक होतो.

आता सृष्टीतली सगळ्यांत फुकट वस्तू कोणती म्हणाल, तर ऊन. त्याला रेशनकार्ड नाही, रांग नाही, के. वाय. सी. नाही. तरीही उन्हावरून आपल्याकडे भांडणे होत नसत, याचे कारण साधे आहे. आपल्याकडे ऊन ही टाळायची वस्तू. टोपी, छत्री, पडदे, ताक, पन्हे हा सगळा संसार आपण उन्हाच्या विरुद्ध मांडलेला. अशा वस्तूवर हक्क कोण सांगणार? उन्हाला भांडण्याइतकी पत यायची तर ते आधी आंघोळीच्या पाण्यात उतरावे लागते. ते आता उतरले आहे.

थंड देशांत इमारत तापवायची म्हणजे भिंतींसकट सगळे घर तापवायचे. तिथे या एका विषयावर सरकारांना घाम फुटतो. जर्मनीत २०२३ साली कायदा झाला, की नव्याने बसवायच्या तापयंत्राची किमान ६५ टक्के ऊर्जा नूतनक्षम हवी. तो होईपर्यंत सरकारातले तीन पक्षच एकमेकांवर असे तापले, की निराळ्या भट्टीची गरज पडू नये. स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने तर २००० सालापासूनच नव्या इमारतींना दंडक घातला: गरम पाण्याला लागणाऱ्या उष्णतेपैकी ६० टक्के उन्हातून घ्या. आपल्याकडे भिंती तापवण्याचे खाते परमेश्वराने स्वतःकडे ठेवले आहे. त्यामुळे आमचा सगळा तापप्रश्न एका बादलीत मावतो.

पण बादलीला कमी लेखू नका. मराठी माणूस उपाशी ऑफिसात जाईल, बिनआंघोळीचा जाणार नाही. आणि पाणी त्याला 'कढत' लागते. पूर्वी हे काम तांब्याचा बंब करी. वखारीतली लाकडे, नारळाच्या शेंड्या आणि परवाचे वर्तमानपत्र त्याच्या पोटात घातले, की घरभर धूर आणि मोरीत पाणी अशी व्यवस्था होती. मग गीझर आला आणि धूर घरातून गेला. तो गेला कुठे, याची चौकशी मात्र कोणी केली नाही. तो चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांतून निघू लागला होता. बादली पुण्याची आणि धूर विदर्भातल्या माणसाच्या नाकात, ही सोय मोठी नामी. आपला खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्याच्या कलेत माणूस कायमच पुढारलेला आहे.

हिशोब सोपा आहे. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला २,५०० किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी. भागाकार केला की जवळजवळ तीन युनिट येतात. आमच्या सोसायटीत फ्लॅट २४. म्हणजे घरटी १०० लिटर धरले, तर रोज सकाळी ७० युनिट वीज मोरीवाटे गटारात जाते. हे गणित सभेत मांडल्यावर सगळे हळहळले आणि आम्ही गच्चीवर सोलर बसवला.

सोलर हे फार नीतिमान यंत्र आहे. काचेखालच्या नळ्यांत पाणी तापते, तापले की हलके होते, हलके झाले की आपण होऊन वरच्या टाकीत चढते, आणि गार पाणी त्याच्या जागी खाली उतरते. मोटर नाही, पंप नाही, संप नाही. बँकेत अशी व्यवस्था अजून आलेली नाही. तिथे वर चढायला परीक्षा द्यावी लागते आणि खाली उतरायला कोणी तयार होत नाही.

फक्त एक अडचण असते. रात्रभर पाइपात उभे राहिलेले पाणी गार होते. जो सकाळी पहिल्यांदा नळ सोडेल त्याच्या वाट्याला गार बादली; त्याच्यामागून येणाऱ्यांना कढत. त्यामुळे सहा ते साडेसहा या वेळात आमची चोवीस घरे खांद्यावर पंचा टाकून एकमेकांची वाट पाहत उभी असतात. शेवटी तळमजल्यावरचे मास्तर नळ सोडतात. ते निवृत्त शिक्षक आहेत. दुसऱ्यांसाठी बादल्या वाया घालवण्याची त्यांना आयुष्यभराची सवय आहे.

सोलरचे तोंड दक्षिणेला ठेवावे लागते, कारण हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेच्या अंगाने जातो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हे पसंत नव्हते. "यमाच्या दिशेला तोंड करून आंघोळीचं पाणी तापवायचं?" त्यांच्या समजुतीसाठी मी सॉक्रेटिसाचा दाखला काढला. घराचे तोंड दक्षिणेला असावे, म्हणजे हिवाळ्यात ऊन ओसरीत येते आणि उन्हाळ्यात ते डोक्यावरून निघून जाते, असे सॉक्रेटिसाचे म्हणणे झेनोफनने लिहून ठेवले आहे. काकूंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग काय झालं त्याचं शेवटी? विष प्यावं लागलंच ना?"

काकूंचा यम पुढे खरोखर दक्षिणेकडूनच आला. तो रेड्यावर बसून आला नाही. पुनर्विकासाची फाइल घेऊन आला. आमच्या दक्षिणेला आमच्यासारखीच तीन मजल्यांची सोसायटी आहे. ती पाडून तिथे अकरा मजले उभे राहणार, असे ठरले. पुण्यात आता ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एफ. एस. आय. आणि टी. डी. आर. ही अक्षरे इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी येतात.

मी पुन्हा कागद घेतला. पुण्यात २२ डिसेंबरला भर माध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. त्या वेळी वस्तूची सावली तिच्या उंचीच्या नऊदशांश पडते. सकाळी नऊला तीच सव्वादोनपट. अकरा मजल्यांची उंची ३३ मीटर धरा. आमची गच्ची १० मीटरवर. फरक २३ मीटर. म्हणजे माध्यान्हीसुद्धा आमच्या गच्चीच्या पातळीवर वीस मीटर लांब सावली, आणि दोन इमारतींत अंतर बारा मीटरही नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर आमचे डिसेंबरचे ऊन बुडीत खाती निघाले.

यातली गंमत अशी, की मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य अगदी डोक्यावर. माध्यान्हीला कोणाचीच सावली कोणावर पडत नाही. शेजारधर्माचा एवढा आदर्श दिवस, पण त्या दिवशी कढत पाणी कोणालाच नको असते. सावली नेमकी त्याच महिन्यात लांब होते, ज्या महिन्यात उबेची गरज असते. ही रचना ज्याने केली त्याला नगररचना खात्याचा अनुभव असावा.

मग दोन्ही सोसायट्यांची संयुक्त सभा भरली. आमच्या बाजूने पहिले वाक्य अर्थातच "ऊन आमच्या हक्काचं आहे" हे होते. वाक्य खणखणीत होते, पण हक्क दाखवायचा तर कागद लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या जावयांनी (ते वकील आहेत आणि सभेपुरतेच सासुरवाडीला येतात) १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा काढला. एखाद्या इमारतीला वीस वर्षे बिनतक्रार, अखंड उजेड मिळत असेल, तर त्या उजेडावर तिचा हक्क बसतो. टाळ्या पडल्या. पण हा कायदा खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा विचार करून लिहिलेला. तेव्हा गच्चीवर बंब नव्हता. आणि सोलरचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे. म्हणजे हक्क पिकेपर्यंत टाकी गंजायची.

बाहेरच्या जगाने हा गुंता कसा सोडवला, हे मी त्या काळात बरेच वाचले. जुन्या रोममध्ये श्रीमंतांच्या घरी उन्हावर तापणारी खोली असे; तिला ते 'हेलिओकॅमिनस', म्हणजे सूर्याची भट्टी म्हणत. जिथे उन्हाची गरज आहे तिथे शेजाऱ्याने झाड लावून सावली पाडली, तर तो उजेडाच्या अधिकाराचा भंग होय, असे उल्पियन नावाच्या कायदेपंडिताचे मत जस्टिनियन बादशहाच्या ५३३ सालच्या संहितेत नोंदलेले आहे. आमच्या बाजूचा हा सर्वांत जुना साक्षीदार. पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या साक्षीदाराला समन्स बजावायचे कसे?

उलट बाजूचा साक्षीदार अमेरिकेत सापडला. मायामी बीचवर फाँटनब्लू हॉटेलने चौदा मजल्यांची नवी इमारत चढवायला घेतली. तिची सावली हिवाळ्यात दुपारपासून शेजारच्या ईडन रॉक हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर पडणार होती. १९५९ साली फ्लोरिडाच्या न्यायालयाने सांगितले, की शेजाऱ्याच्या जमिनीवरून येणाऱ्या उन्हावर कोणाचा कायदेशीर हक्क नाही; बांधकामामागे खुन्नस असली तरीही नाही. पुढे १९८२ साली विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सूर्यावर तापणाऱ्या एका घराच्या बाबतीत निराळा सूर लावला: शेजारी ऊन अडवतो ही तक्रार 'उपद्रव' या सदरात ऐकली जाऊ शकते. मधल्या तेवीस वर्षांत काय बदलले? तेलाचा भाव. उन्हाने पैसे वाचू लागले, तसे त्याला न्यायालयात बसायला खुर्ची मिळाली.

आणि कॅलिफोर्नियाची गोष्ट सर्वांत अवघड. तिथे १९७८ साली सौर यंत्रावर झाडाची सावली पाडू नये असा कायदा झाला. सनीव्हेल गावात एका घरची रेडवुडची झाडे वाढली आणि शेजारच्या सौर पत्र्यांवर सावली पडली. झाडे आधीची, पत्रे नंतरचे. तरी झाडवाले दोषी ठरले. शेवटी २००८ साली कायदाच बदलला आणि आधी लावलेली झाडे मोकळी झाली. तिथे एकीकडे वृक्षप्रेमी, दुसरीकडे सूर्यप्रेमी. दोघेही पृथ्वी वाचवायला निघालेले आणि दोघांचे कुंपण एकच!

हे सगळे मी सभेत सांगितले असते, पण तेवढ्यात समोरच्या सोसायटीचे अध्यक्ष उठले. उठले म्हणजे दोन्ही हात टेबलावर टेकून, मध्ये एकदा थांबून उठले. म्हणाले, "आमच्याकडं लिफ्ट नाही. छताला दर पावसाळ्यात बादल्या लावतो. माझी आई तिसऱ्या मजल्यावर असते, चार वर्षं ती खाली उतरलेली नाही. मजले वाढल्याशिवाय बिल्डर येत नाही, आणि बिल्डर आल्याशिवाय लिफ्ट येत नाही. तुमचं पाणी कोमट होईल म्हणून तिनं वरच राहायचं का? आणि वर जे आठ मजले चढतील, त्यात राहायला माणसंच येणार आहेत. ती कुठं तीस किलोमीटरवर जाऊन राहू देत, असं तुम्ही म्हणणार का?"

सभेत कोणी बोलेना. मग त्यांनी शेवटचा पत्ता टाकला. "१९८६ साली तुमची इमारत उठली तेव्हा मागच्या बैठ्या घरांचं ऊन कोणी मोजलं होतं?"

आमच्या मागे, उत्तरेला, बैठ्या घरांची एक ओळ आहे. तिथे एक परीट राहतो. हिवाळ्यात तो कपडे वाळत घालायला रस्त्याच्या पलीकडे जातो. तो तसे का करतो, हे विचारण्याजोगे आहे असे चाळीस वर्षांत कोणाला वाटले नव्हते.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी या प्रश्नाची खतावणी मांडली. आता आमच्याकडे खातेवह्या नाहीत, सगळे संगणकात असते. पण वाणिज्य शाखेने पहिल्या वर्षी शिकवलेले एक तत्त्व टिकून आहे. कुठलीही नोंद एकाच बाजूला होत नाही. जमा असेल तर नावे असलेच पाहिजे. उन्हाचे खाते उघडायला घेतले आणि पहिल्याच ओळीला अडलो. ऊन जमा कोणाकडून? सूर्याकडून. सूर्याने ते कोणाच्या नावाने पाठवले? कोणाच्याच नाही. ते आमचे नाही, समोरच्यांचे नाही, परटाचेही नाही. "ऊन आमच्या हक्काचं" हे आमचे खणखणीत वाक्य तिथेच मोडले. फ्लोरिडाचे न्यायाधीश एवढ्यापुरते बरोबर होते.

पण मग दुसरी बाजू पाहिली. ऊन कोणी पाडत नाही, सावली मात्र कोणीतरी पाडतो. उन्हाला मालक नाही, पण प्रत्येक सावलीला आहे. ती कुठून निघते, कुठे पडते, किती वाजता, किती लांब, हे सगळे मोजता येते, आणि तिच्या मुळाशी कोणाचे तरी घर उभे असते. तेव्हा "माझं ऊन घेतलंस" ही तक्रार खोटी. "तुझी सावली माझ्यावर पडते" ही खरी. पहिल्या तक्रारीत मी मालक होऊन बोलतो, दुसरीत शेजारी होऊन. नीतीचा प्रश्न मालकाला पडतच नाही, तो शेजाऱ्याला पडतो.

पुण्याला सावलीचा हिशोब नवा नाही. ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या माणसांना पेशवाईत दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी शहरात यायला बंदी होती, असे वर्णन येते. कारण त्या वेळी सावली लांब पडते, आणि ती वरच्या जातीच्या माणसावर पडली तर त्याला विटाळ. सकाळी नऊची सावली सव्वादोनपट असते हे मी कागदावर आकडेमोड करून काढले. त्या काळच्या शहराला ते आकडेमोडीवाचून ठाऊक होते. ज्या सावलीने कोणाचे केसभर नुकसान होत नव्हते, ती माणसाच्या नावे लिहिली आणि वसूल केली. आणि ज्या सावलीने शेजाऱ्याचे पाणी गार होते, कपडे ओले राहतात, ती आज कोणाच्याच नावे पडत नाही.

नकाशे मंजूर करण्याचे नियम काही कमी नाहीत. २०२० साली राज्याची एकात्मिक नियमावली आली. उंची वाढली की बाजूला जास्त जागा सोडा, पार्किंग इतके ठेवा, पावसाचे पाणी जिरवा, मोठ्या बांधकामात गच्चीवर सौर यंत्र बसवा, हे सगळे तिच्यात आहे. माझी मागणी एका रकान्याची आहे. नकाशावर २२ डिसेंबरची सावली आखा, सकाळी नऊची, बाराची आणि तीनची. आणि ती जिथे पडते तिथल्या माणसाला काय द्यायचे ते शेजारी लिहा. इमारत उभी राहू दे, लिफ्ट येऊ दे, अध्यक्षांच्या आईला खाली उतरू दे. आपल्या भाषेत सावली देणे म्हणजे आसरा देणे. आठ मजल्यांतल्या माणसांना ती मिळू दे. फक्त बाहेर पडणारी सावली नकाशाच्या कागदाबाहेर टाकून नका देऊ. आणि हा रकाना परटापासून पुढे सगळ्यांना लागू व्हावा.

आमच्यापुरते म्हणाल तर तडजोड निघाली. आमच्या गच्चीवर हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप बसवायचा, म्हणजे गीझरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत भागते. आणि त्याचा खर्च बिल्डरने द्यायचा. रकमेवर घासाघीस झाली, चहा झाला, एकमत झाले. बिल्डरच्या वकिलाने करारात कलम घातले: "सोसायटीने ऊन सोडून दिल्याबद्दल मोबदला."

मास्तरांनी चष्मा पुसला, लाल पेनने ते शब्द खोडले आणि वर लिहिले: "बिल्डरने सावली पाडल्याबद्दल खर्च." शिवाय खाली आणखी एक ओळ घातली, की त्यातूनच परटासाठी आमच्या गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथे सकाळचे थोडे ऊन राहील तिथे, कपडे वाळत घालायच्या चार तारा ओढून द्याव्यात. काकूंनी आधी "अनोळखी कपडे आपल्या गच्चीत?" म्हणून नाक मुरडले, मग परटाकडे आपल्याच साड्या असतात हे आठवल्यावर त्या गप्प बसल्या.

रक्कम तीच असल्यामुळे बिल्डरला या दुरुस्तीतला फरक कळेना. त्याच्या वकिलाला मात्र तो तत्काळ कळला. ऊन एकदा सोडले की विषय संपतो. सावली रोज पडते, आणि तिची कबुली एका ठिकाणी दिली की शहरभर द्यावी लागेल. म्हणून करार तीन आठवडे झाले त्याच्याच टेबलावर पडून आहे. मास्तर दर सोमवारी फोन करून चौकशी करतात आणि सकाळी सहाला नळ सोडतात.